नाथांची प्रत आणि वजाची ओळ

प्रवरेकाठच्या नेवाशात शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी झाली, हे आपल्या जिल्ह्यातल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. पुढे नकलांवर नकला होत पाठ बिघडले. शके 1506 मध्ये पैठणच्या एकनाथांनी प्रत शुद्ध केली आणि बजावले की, यात कोणी आपली ओवी घालू नये. मात्र त्यांनी स्वतः कोणता शब्द बदलला, याची टिपणे आपल्या हाती नाहीत. म्हणूनच 1909 साली राजवाड्यांनी नाथपूर्व म्हणून एक प्रत छापली, तेव्हा वादाला तोंड फुटले.

हे आज काढण्याचे कारण संगणक होय. 1986 साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जीडीबी हा दोषशोधक लिहिला. चालती आज्ञावली थांबवून तिच्या पोटात काय आहे ते तो दाखवितो. पण त्याला तिची भाषा आली पाहिजे. सी भाषेत बरोबरचे चिन्ह किंमत बदलते, पास्कलमध्ये नुसती तुलना करते. इथे गफलत झाली, तर नाडी पाहायला गेलेला वैद्य रोग्याची नाडीच बदलून यायचा! 2016 साली त्याला रस्ट ही भाषा शिकविली गेली. अशा दुरुस्तीत काढलेली ओळ वजाच्या चिन्हाने आणि घातलेली अधिकाच्या चिन्हाने दाखवितात. दुसरा जाणकार ती वाचतो, शंका काढतो, परत पाठवितो. पटली तरच ती मुळात मिसळते.

नाथांच्या प्रतीत वजाची ओळ असती, तर राजवाड्यांच्या प्रतीवरचे निम्मे भांडण तिथेच मिटले असते, असे मला वाटते.