‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे नेमके कुठे?
नवापूरचा उन्हाळा, वीज आणि हवामान-अंदाजाचा इतिहास

एप्रिल-मे महिन्यांत हवामान खात्याच्या पत्रकात एक वाक्य हमखास येते: मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस. नवापूरचा माणूस ते ऐकतो आणि सोडून देतो. त्याला दोष कसा द्यावा? ‘मध्य महाराष्ट्र’ या हवामान उपविभागात एका टोकाला नंदुरबार आहे, तर दुसऱ्या टोकाला कोल्हापूर. आणि ‘तुरळक’ म्हणजे त्या भागातल्या फार तर पाव हिश्श्याच्या केंद्रांवर. ती केंद्रे कोणती, हे वाक्य सांगत नाही. हवामानशास्त्र मी कोणत्या वर्गात बसून शिकलो नाही. जुने अहवाल आणि पुस्तके वाचत गेलो. त्या वाचनातून एक गोष्ट मला स्पष्ट झाली. हे वाक्य असे मोघम का राहिले, याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

भारतीय हवामान खाते 1875 साली स्थापन झाले. त्यामागे 1864 चे कलकत्त्याचे चक्रीवादळ होते आणि त्यानंतरची दुष्काळी वर्षे होती. पुढच्याच वर्षी दख्खनचा महादुष्काळ सुरू झाला. त्यामुळे सरकारला एकच प्रश्न छळत होता: यंदा चार महिन्यांत पाऊस किती पडेल? पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून मोसमी पावसाचा अंदाज बांधला आणि 1886 पासून तो नियमित दिला जाऊ लागला. 1904 ते 1924 या काळात गिल्बर्ट वॉकर यांनी तोच प्रश्न जगभरच्या आकड्यांत शोधला. हे काम मोठेच होते. पण त्याचे माप ऋतूचे होते आणि उपखंडाचे होते. अर्ध्या-पाऊण तासात उठून विरणारा, दहा-पंधरा किलोमीटरच्या टापूत कोसळणारा गडगडाटी ढग त्या मापात बसत नव्हता.

ढगाच्या प्रश्नाला हात घालणाऱ्यांत चार्ल्स नॉर्मंड यांचे नाव घ्यावे लागेल. 1928 मध्ये खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. पुण्यातल्या ‘सिमला ऑफिस’ या नावाचे मूळ तेच. त्या काळात नॉर्मंड खात्याचे प्रमुख होते. पहिल्या महायुद्धात त्यांनी मेसोपोटेमियात काम केले होते आणि उष्णता, दमटपणा व वारा यांचा माणसाच्या शरीरावर काय परिणाम होतो, यावर 1920 मध्ये निबंध लिहिला होता. पुढे 1938 मध्ये त्यांनी हवेतल्या बाष्पामुळे वातावरण अस्थिर कसे होते, याची मांडणी केली. दोन्ही कामांत त्यांचे साधन एकच, ओल्या फुग्याचा तापमापक. पाऱ्याच्या फुग्याला ओले फडके गुंडाळायचे; पाणी उडून जाताना पारा जेवढा उतरतो, त्यावरून हवेचा कोरडेपणा कळतो. घामाने शरीर थंड होते तेही याच रीतीने. हवेत बाष्प जास्त असेल तर घाम उडत नाही, आणि तेच बाष्प दुपारनंतर ढगाला बळ देते. उष्माघात आणि वीज ही भावंडेच म्हणायची.

नवापूरला हे नाते समजून घ्यावेच लागते. रंगावली नदीकाठचे हे गाव गुजरातच्या सीमेवर आहे. त्याचे रेल्वे स्थानक तर दोन राज्यांत विभागलेले. पूर्वेला खानदेशचा कोरडा पट्टा, पश्चिमेला सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आत समुद्र. 1906 मध्ये खानदेशचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे झाले, 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. तरी एकाच जिल्ह्यात डोंगरकडेचे नवापूर आणि कमी पावसाचा तापीकाठ एकत्र राहिलेच.

आता उष्णतेच्या लाटेचा निकष पाहा. सपाटीच्या प्रदेशात कमाल तापमान किमान 40 अंश हवे आणि ते सरासरीपेक्षा 4.5 अंशांनी तरी वर हवे. किंवा थेट 45 अंश. या व्याख्येत दमटपणा नाही. मी हिशेब करून पाहिला. 42 अंश आणि 20 टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फुग्याचे तापमान सुमारे 24 अंश येते. 38 अंश आणि 50 टक्के आर्द्रता असेल तर सुमारे 29. शरीराला दुसरा दिवस अधिक जाचक, पण निकषात तो बसतच नाही. खात्याने 2023 पासून उष्णता निर्देशांक प्रायोगिकरीत्या द्यायला सुरुवात केली, हे योग्य पाऊल होय.

विजेच्या बाबतीत आता दर तीन तासांचे तात्कालिक अंदाज निघतात, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आहे. पण मोहफुले वेचणारी बाई, वीटभट्टीवरचा मजूर, पथारीवर मिरची वाळवणारे कुटुंब यांच्यापर्यंत तीन तासांचा अंदाज तीन तासांच्या आत पोचला तरच तो अंदाज. 1932 मध्ये पुण्यात एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषी हवामान विभाग सुरू झाला; 1945 पासून शेतकऱ्यांसाठी हवामान पत्रके आकाशवाणीवरून जाऊ लागली. हीच परंपरा 2018 नंतर जिल्हा कृषी हवामान कक्षांपर्यंत आली. नंदुरबारच्या कृषी विज्ञान केंद्रातही असा कक्ष होता. 2024 मध्ये देशभरातले 199 कक्ष बंद झाले. तालुक्याचे नाव घेऊन स्थानिक बोलीभाषिकांना सल्ला देणारा दुवा त्यामुळे तुटला.

आपल्याकडे सहदेव-भाडळीची वचने आहेत, पंचांगात नक्षत्रांची वाहने आहेत, भेंडवळची घटमांडणी आहे. ही सारी ऋतूची भाकिते. नेमका ब्लॅनफर्डचाच प्रश्न. मंगळवारी दुपारी चार वाजता शेतात थांबावे की नाही, हे ना बेडूक सांगतो ना म्हैस. तोवर एक साधा नियम उपयोगी आहे: वीज चमकल्यापासून तीस सेकंदांत गडगडाट ऐकू आला तर झाड सोडून पक्क्या घरात जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. शाळेच्या फळ्यावर, बाजाराच्या दिवशी, मावची-भिली-कोकणी बोलींत हा नियम सांगायला रडार लागत नाही. पण ‘तुरळक ठिकाणी’ ऐवजी गावाचे नाव ऐकू यायचे असेल, तर जिल्ह्यात बसून आकाश वाचणारा माणूस परत नेमावा लागेल.