सरसेनापती ते लष्करप्रमुख

मराठीत या पदाला दोन नावे आहेत आणि आपण ती सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. करिअप्पा, थिमय्या, माणेकशा, वैद्य या सर्वांना लेखांत आणि भाषणांत 'सरसेनापती' म्हटलेले आढळते. वृत्तपत्रे मात्र 'लष्करप्रमुख' लिहितात. कानाला पहिला शब्द भारदस्त वाटतो, त्यामागे इतिहासाचा घोष आहे, म्हणून तो सोडवत नाही. परंतु भारताला १९५५ नंतर सरसेनापती नाही. त्या वर्षी कायदा करून हे पदनाम रद्द करण्यात आले. यातील करिअप्पा सरसेनापती होते. थिमय्या, माणेकशा आणि वैद्य हे लष्करप्रमुख. हा फरक शब्दांचा आहे, पण त्यामागे एक जुना राजकीय प्रश्न आहे: ज्याच्या हाती फौज, त्याला प्रश्न कोणी विचारायचा? आणि त्याने उत्तर दिले, तर ते ऐकायचे कोणी?

आमच्या परंपरेत हा प्रश्न एकदा फार कडवटपणे उभा राहिलेला आहे. शिवकाळात फौजेच्या प्रमुखास सरनौबत म्हणत. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर अष्टप्रधानांत 'सेनापती' हे संस्कृत नाव रूढ झाले आणि हंबीरराव मोहिते त्या पदावर होते. तेव्हा ते छत्रपतींनी नेमायचे पद होते. शाहू महाराजांच्या काळात ते दाभाडे घराण्यात स्थिरावले. खंडेरावांच्या मागे ते त्र्यंबकरावांकडे आले. १७३१ मध्ये डभईच्या रणात छत्रपतींचा सेनापती आणि छत्रपतींचा पेशवा समोरासमोर उभे ठाकले आणि त्र्यंबकराव मारले गेले. पुढे सेनापतिपद दाभाड्यांच्याच घरात राहिले, पण गुजरातेतील खरी सत्ता त्यांच्या हाताखालच्या गायकवाडांकडे गेली. पद वतन झाले की नाव उरते आणि काम निघून जाते, याचे हे ठळक उदाहरण होय.

इंग्रजी अमदानीत उलटा प्रवास झाला. कंपनीच्या बंगाल, मद्रास आणि मुंबई या तीन इलाख्यांच्या तीन स्वतंत्र फौजा होत्या आणि प्रत्येकीला आपला सरसेनापती होता. १८९५ मध्ये त्या फौजा एकत्र झाल्या आणि हिंदुस्थानच्या सरसेनापतीचे वजन आपोआप वाढले. तरीही त्याच्यावर एक अंकुश होता. व्हाइसरॉयच्या मंडळात लष्करी खात्याचा एक स्वतंत्र सभासद असे. हा सभासद हुद्द्याने सरसेनापतीपेक्षा कनिष्ठ असे. परंतु सरसेनापतीचा प्रस्ताव त्याच्या खात्यातून जाई आणि त्यावर त्याचा अभिप्राय पडे. सरकारसमोर एकाऐवजी दोन लष्करी मते येत.

१९०२ च्या अखेरीस किचनेर सरसेनापती म्हणून आला आणि त्याला ही व्यवस्था असह्य झाली. कनिष्ठ अधिकाऱ्याने आपल्या प्रस्तावांवर शेरे मारावेत हे त्याला शिस्तीविरुद्ध वाटले. कर्झनचे म्हणणे असे की, सरकारला सरसेनापतीखेरीज दुसरा लष्करी सल्ला मिळाला नाही, तर सरकारचा लष्करावरील ताबा नावापुरता उरेल. लंडनने किचनेरकडे झुकते माप दिले आणि ऑगस्ट १९०५ मध्ये कर्झनने राजीनामा दिला. बंगालच्या फाळणीमुळे कर्झनविषयी आपल्या मनात सहानुभूती नसते आणि ते योग्यच आहे; पण या वादात त्याचे बोट नेमक्या दुखण्यावर होते. १९०९ पर्यंत लष्करी सभासदाच्या पदाचा उरलासुरला अवशेषही गेला. यापुढे प्रस्ताव मांडणारा आणि त्यावर मत देणारा एकच मनुष्य होता.

याची किंमत मेसोपोटेमियात मोजावी लागली. पहिल्या महायुद्धात सहाव्या पुणे डिव्हिजनने बगदादकडे कूच केले, ते माघारी फिरून कुत येथे वेढ्यात सापडले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार सैनिक शरण गेले. त्यांत मराठा पलटणीही होत्या. त्यांतील अनेक जण नंतर तुर्की कैदेत मेले. चौकशी आयोगाने १९१७ मध्ये दिलेल्या अहवालात जखमींच्या हालांइतकेच राज्ययंत्रणेच्या रचनेवर बोट ठेवले: सरसेनापती आणि मंडळाचा लष्करी सभासद ही दोन्ही कामे युद्धकाळात एका माणसाकडून होणे शक्य नाही. तरीही ती रचना बदलली नाही.

या सत्तेवर भारतीयांचा अंकुश असण्याचा तर प्रश्नच नव्हता. ज्या केंद्रीय विधिमंडळात सरसेनापती बसे, तेथे नामदार गोखले १९०२ पासून दरवर्षी अंदाजपत्रकावर बोलत आणि वाढत्या लष्करी खर्चाची चिरफाड करीत. पण गोखल्यांना त्या खर्चावर मत देण्याचा अधिकार नव्हता. १९१९ आणि १९३५ च्या कायद्यांनीही लष्करी खर्च मतदानाच्या कक्षेबाहेरच ठेवला. व्हाइसरॉयखालोखाल मान सरसेनापतीचा, हे नव्या दिल्लीच्या रचनेतही दिसते. रॉबर्ट टॉर रसेलने आखलेले त्याचे निवासस्थान १९३० मध्ये पूर्ण झाले आणि ते व्हाइसरॉयच्या प्रासादाजवळच, त्याच्या दक्षिणेस आहे.

हेच घर १९४८ मध्ये पंतप्रधान नेहरूंचे निवासस्थान झाले. आपण त्याला तीनमूर्ती भवन म्हणतो. प्रजासत्ताकात पंतप्रधान कोठे राहतो आणि सेनानी कोठे, यातच सत्तांतराचा अर्थ होता. त्याआधी सप्टेंबर १९४६ च्या अंतरिम सरकारात संरक्षण खाते बलदेवसिंगांकडे गेले आणि सरसेनापती मंत्रिमंडळाबाहेर पडला. १५ ऑगस्ट १९४७ पासून तिन्ही दलांना समान दर्जाचे स्वतंत्र सरसेनापती मिळाले. १५ जानेवारी १९४९ रोजी करिअप्पांनी बुचरकडून सूत्रे घेतली आणि हे पद प्रथमच भारतीय माणसाकडे आले. १९५० च्या राज्यघटनेने तिन्ही दलांचे सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे दिले. १९५५ चा कायदा हे या मालिकेतील शेवटचे पाऊल होते. राजेंद्रसिंहजी हे अखेरचे सरसेनापती आणि पहिले लष्करप्रमुख ठरले.

नाव बदलल्याने देश लष्करशाहीपासून वाचला, असे म्हणणे मात्र भाबडेपणाचे होईल. त्याच जुन्या फौजेची दुसरी फांदी पाकिस्तानात होती. तेथे सरसेनापती हे नाव १९७२ पर्यंत टिकले. अयूब खान १९५४ मध्ये त्या पदावर असतानाच संरक्षणमंत्री झाले आणि १९५८ मध्ये देशाचे सत्ताधीश. येथवर नावाचा महिमा खरा वाटतो. पण भुट्टोंनी १९७२ मध्ये ते नाव बदलले आणि पाचच वर्षांनी झिया उल हक यांनी 'लष्करप्रमुख' या नव्या नावानिशीच सत्ता घेतली. तेव्हा कायद्याने नाव बदलता येते. नात्याची घडण वेगळ्याने करावी लागते.

ती घडण आमच्याकडे कितपत झाली? सेनानीची सत्ता कमी करण्याचे काम नेहरूंच्या पिढीने उत्तम केले. मानक्रमात एकेकाळी व्हाइसरॉयच्या पाठोपाठ असणारा हा मान मंत्रिमंडळ सचिवाच्या खाली आला. लष्करी मुख्यालय संरक्षण मंत्रालयाचे संलग्न कार्यालय झाले. पण कर्झनने मांडलेल्या प्रश्नाची दुसरी बाजू तशीच राहिली. सरसेनापतीला दुसरे मत नको होते. आता राज्यकर्त्यांनाच नको असलेले मत बाजूला ठेवता येऊ लागले.

ऑगस्ट १९५९ मध्ये थिमय्यांनी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी झालेल्या मतभेदांमुळे राजीनामा दिला आणि नेहरूंच्या शब्दाखातर मागे घेतला. नागरी सत्तेचे श्रेष्ठत्व राहिले, परंतु लष्करप्रमुखाचे वजन गेले. त्याच सुमारास पूर्व विभागाचे प्रमुख ले. जनरल शंकरराव थोरात यांनी ईशान्य सीमेच्या संरक्षणाचा आराखडा तयार केला होता. सीमेवर चिकटून बसू नये, रसद पोहोचेल अशा मागील रेषेवर लढावे, हा त्याचा गाभा होता. कोल्हापूरच्या मातीतला हा सेनानी थिमय्यांचा पसंतीचा उत्तराधिकारी होता. मे १९६१ मध्ये पद मिळाले ते थापर यांना. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये पराभवानंतर थापर पायउतार झाले आणि मेननही गेले. थोरातांचा आराखडा स्वीकारला असता तर युद्ध जिंकलेच असते, असे कोणी छातीठोक सांगू नये. पण तो कागद नीट वाचला गेला नाही, ही उणीव आराखड्याची नव्हती.

मेनन यांच्या जागी महाराष्ट्रातून यशवंतराव चव्हाण गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपण अभिमानाने उच्चारतो. पण यशवंतरावांचे खरे काम त्याहून शांत होते. त्यांनी सेनाप्रमुखांशी नियमित बोलण्याची रीत पाडली. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांब भागात पाकिस्तानी रणगाडे घुसले, तेव्हा लष्करप्रमुख चौधरी आणि हवाईदलप्रमुख अर्जनसिंग त्यांच्याकडे आले आणि विमाने वापरण्यास त्यांनी तत्काळ संमती दिली. निर्णय मंत्र्याचा, सल्ला सेनानींचा, आणि दोघांमध्ये विश्वास. यासाठी नवा कायदा लागला नाही.

या व्यवस्थेत लष्करप्रमुखाच्या वाट्याला काय येते, हे पुण्याने पाहिले आहे. जून १९८४ मध्ये सुवर्णमंदिरातील कारवाईचा निर्णय सरकारचा होता. लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य होते. निवृत्तीनंतर काही महिन्यांतच, १० ऑगस्ट १९८६ रोजी, पुण्यात त्यांची हत्या झाली. आज्ञा पाळणाऱ्याच्या माथी आज्ञेचे ओझे कसे येते, याचे यापेक्षा दारुण उदाहरण आमच्या आठवणीत नाही.

कारगिलनंतर, २००१ मध्ये, मंत्रिगटाने तिन्ही दलांसाठी एक प्रमुख असावा अशी शिफारस केली. १ जानेवारी २०२० रोजी जनरल बिपिन रावत पहिले संरक्षण दल प्रमुख झाले. डिसेंबर २०२१ मध्ये हेलिकॉप्टर अपघातात त्यांचे निधन झाले आणि ते पद नऊ महिन्यांहून अधिक काळ रिकामे राहिले. पदनिर्मितीच्या वेळीच स्पष्ट करण्यात आले होते की, या प्रमुखाला तिन्ही दलांवर सेनानीची आज्ञाधिकारिता नसेल. तो सरकारचा लष्करी सल्लागार असेल आणि मंत्रालयातील एका विभागाचा सचिवही. म्हणजे १९५५ मध्ये वजा केलेली सत्ता परत दिलेली नाही, पण मंत्रालयात बसून बोलण्याची जागा दिली आहे. किचनेरने सल्ला आणि आज्ञा एका हाती घेतली होती; येथे सल्ला दिला आणि आज्ञा राखून ठेवली. त्या सल्ल्याला किती कान मिळतो, यावरच या नव्या पदाची परीक्षा व्हायची आहे.

म्हणून आमची साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना एवढीच विनंती आहे की, हे दोन शब्द पर्यायी समजू नयेत. 'सरसेनापती' लिहिले की किचनेर येतो, कुतचा वेढा येतो. 'लष्करप्रमुख' लिहिले की यशवंतरावांच्या टेबलासमोर बसलेले चौधरी येतात, आणि न वाचला गेलेला थोरातांचा कागदही येतो.