त्रिनिदादचे ताबूत, १८८४

कोलकात्याला पोस्टिंग आली की माणूस व्हिक्टोरिया मेमोरियल आणि दक्षिणेश्वर पाहून मोकळा होतो. मीही झालो होतो. मग एका रविवारी सुभेदार साहेबांना घेऊन हुगळीकाठच्या सुरीनाम घाटावर गेलो. गाठोडं घेऊन निघालेल्या एका जोडप्याचा पुतळा तिथे उभा आहे. सुभेदार साहेब गाझीपूरकडचे. पुतळ्याकडे बघून म्हणाले, "साहब, ये तो हमारे तरफ के लोग हैं."

खरंच होतं ते. ब्रिटिश साम्राज्यात १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली आणि उसाच्या मळेवाल्यांना मजूर कमी पडू लागले. ते याच किनाऱ्यावरच्या डेपोंतून जहाजात भरले जात. ३० मे १८४५ रोजी 'फातेल रझाक' हे जहाज अशा सव्वादोनशे माणसांना घेऊन त्रिनिदादला लागलं. १९१७ पर्यंत त्या एका बेटावर सुमारे १,४३,००० माणसं गेली. बहुतेक पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमधली. पुढे करार पाच वर्षांचा ठरला. पासशिवाय मळा सोडला तर कैद. करार मोडणं हा फौजदारी गुन्हा होता, हे लक्षात घेतलं की 'मजूर' हा शब्द जरा सौम्यच वाटतो.

तीन-तीन महिने एकाच जहाजात काढल्यावर सोवळंओवळं कुठलं टिकणार? एका जहाजातून आलेले एकमेकांचे 'जहाजी भाई' झाले, आणि हे नातं रक्ताच्या नात्याइतकं पाळलं जाई. गावची देवळं, जत्रा, जातपंचायत मागे राहिली. त्या जागी मळ्यावर जे उभं राहिलं, त्यात सगळ्यांत मोठा सण कुठला असावा? मोहरम! 'हुसेन'च्या पुकारातून त्याचं नाव पडलं होसे.

मुसलमान तिथे थोडे, त्यात शिया आणखी थोडे. तरी बांबू-कागदाचे ताबूत जवळजवळ प्रत्येक मळ्यावर बनत. वर्गणी हिंदू देत, खांदा हिंदू देत, ताशा हिंदू वाजवत. आफ्रिकी वंशाचे लोकही सामील होत. ताशा हा आपलाच, पुण्यात ढोलाबरोबर वाजतो तोच, फक्त तिथे त्याला 'तासा' म्हणतात. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. आपल्याकडेही कित्येक गावांत ताबुतांना पाटलांचा मान होता. त्रिनिदादमध्ये मान मळ्याचा. कुणाचा ताबूत पुढे यावरून लाठ्या चालत. वर्षभर पासवर जगणारा माणूस त्या एका दिवशी वाजतगाजत शहरात शिरे आणि ताबूत समुद्रात शांत करी.

सरकारला नेमकं हेच खुपलं. १८८१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला कार्निव्हलच्या कॅनबुले मिरवणुकीवरून पोलीस आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांची चकमक झाली होती. तोवर बेटावरचा तिसरा हिस्सा भारतीय होता. १८८४ मध्ये नियम आला: पोर्ट ऑफ स्पेन आणि सान फर्नांडो शहरांत ताबूत आणायचे नाहीत. सुखू नावाच्या एका हिंदू मुकादमाने आणखी ३१ जणांसह अर्ज केला. तो फेटाळला गेला. हिंदूच जर यात एवढे असतील तर हा धार्मिक सण कसा, असाही युक्तिवाद अधिकाऱ्यांनी केला. एकत्र आलेल्या लोकांच्या एकत्र येण्याचाच त्यांच्याविरुद्ध पुरावा केला गेला.

३० ऑक्टोबर १८८४. सान फर्नांडोच्या वेशीवर बंदुका घेऊन पोलीस उभे होते. मिरवणुका ठरल्या वाटेने आल्या. दंडाधिकाऱ्याने दंगलीचा कायदा वाचून दाखवला आणि मग गोळीबार झाला. मृतांचा आकडा कुठे १६, कुठे २२ सापडतो, जखमी शंभरावर. हे सांगितल्यावर सुभेदार साहेबांनी एकच विचारलं, "साहब, चेतावनी किस भाषा में दी?"

चौकशीला जमैकाचे गव्हर्नर सर हेन्री नॉर्मन आले. हे मूळचे बंगाल आर्मीचे, १८५७ मध्ये दिल्लीच्या वेढ्यात लढलेले. त्यांनी पोलिसांना निर्दोष ठरवलं. त्यांचं सैनिकी शहाणपण मी नाकारत नाही, पण ज्याने शिपायांचा उठाव पाहिला त्याला लाठी घेतलेल्या गर्दीत दुसरं काय दिसणार?

मी हे खुर्चीत बसून बोलत नाही. सतरा वर्षांपूर्वी उत्तरेतल्या एका शहरात मुलकी प्रशासनाच्या मदतीला माझी कंपनी गेली होती. अशीच मिरवणूक, असेच ढोल, आणि मॅजिस्ट्रेटचा लेखी आदेश माझ्या खिशात. कमीत कमी बळ, स्पष्ट इशारा, हे सगळं पाठ होतं. पण त्या आवाजात माझा मेगाफोन मलाच ऐकू येईना. तेव्हाचे आमचे सिनियर जेसीओ, शस्त्र जवानाकडे देऊन, एकटेच पुढे गेले आणि मिरवणुकीतल्या एका म्हाताऱ्याशी त्याच्या बोलीत बोलत उभे राहिले. वीसेक मिनिटांनी ढोल थांबले आणि मिरवणूक दुसऱ्या गल्लीने गेली. आदेशाचा कागद मी परत केला. काय बोलणं झालं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, मीही खोदून विचारलं नाही.

सान फर्नांडोच्या वेशीवर बोलायला कुणी पुढे गेलं नाही. गेलं असतं तरी वरून आलेला नियम त्याच्या हातात नव्हताच.

त्रिनिदादमध्ये सेंट जेम्स आणि सेड्रोसला होसे अजून निघतो. ताशे अजूनही आगीवर शेकून चढवतात, आणि वाजवणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे लोक असतात. घाटावरून परतताना सुभेदार साहेब म्हणाले, त्यांच्या गावचा ताजिया त्यांचे आजोबा उचलायचे. "अब नहीं उठाते," एवढंच पुढे म्हणाले. मग खिदिरपूरच्या ट्रॅफिकमध्ये आमची जिप्सी तासभर अडकली.