एका सालातील दोन आवाज

एकाच सालाच्या पोटी कधी कधी अगदी निरनिराळ्या गोष्टी जन्मास येतात. १९५४ हे साल किलवणीकरांस वेगळे सांगावयास नको. त्या वर्षीच्या जुलैमध्ये दादरा व नरोली आणि २ ऑगस्ट रोजी सिल्वासा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले. त्याच वर्षी अमेरिकेतील केंब्रिज येथे एडगर विल्चर व हेन्री क्लॉस यांनी एक लहानशी कंपनी स्थापून एक बंद लाकडी पेटी लोकांपुढे ठेवली. पुस्तकांच्या फळीवर मावणारा आजचा स्पीकर हा त्या पेटीचा वंशज होय. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध मुळीच नाही. तथापि किलवणी नाक्यावरून स्टीरिओ घेऊन परतणाऱ्या गृहस्थाच्या घरी दोहोंचा वारसा एकत्र येतो, आणि तो नीट जुळला नाही तर पैसा व स्वर दोन्ही वाया जातात. म्हणून हा इतिहास थोडा उलगडून पाहणे युक्त होईल.

हवेलीच्या मुक्तिसंग्रामाला सुरांचे पाठबळ होते. शस्त्रांसाठी द्रव्य उभे करावयाचे म्हणून लता मंगेशकर यांनी पुण्यात गायन केले. संगीतकार सुधीर फडके तर स्वतः लढ्यात उतरले. हवेलीत पोर्तुगिजांकडून हाती आलेले बिनतारी संच पुढे प्रक्षेपणास योग्य करून घेण्यात आले, आणि २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी सरहद्दीवरील रानातून ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ हे गुप्त नभोवाणी केंद्र चालविले. कोंकणी व पोर्तुगीज भाषांतील तो आवाज गोमंतकात चोरून ऐकला जाई. त्याच सालच्या १ एप्रिलला, रामनवमीस, पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांच्या ‘गीतरामायणा’चा आरंभ झाला होता. आदल्या वर्षी हवेलीच्या लढ्यात असलेला पुरुष आता रामकथेला स्वर देत होता.

हे दोन्ही आवाज घराघरांत पोहोचले ते व्हॉल्व्हच्या रेडिओतून. त्यात अॅम्प्लिफायर, स्पीकर व पेटी यांची जोडी कारखानदारच जमवून देई, जशी घरातील वडील मंडळी सोयरीक जमवीत तशी. व्हॉल्व्हची शक्ती अवघी दोन-चार वॉट. परंतु स्पीकरचा कागदी पडदा हलका, आणि थोड्या शक्तीतही तो खोली भरून टाकी. ग्राहकाला निवड नव्हती, तशी चिंताही नव्हती.

चिंता आली ती स्टीरिओबरोबर. इंग्लंडमध्ये अॅलन ब्लूमलाइन यांनी १९३१ सालीच दोन वाहिन्यांच्या ध्वनीचे पेटंट मागितले होते. मात्र स्टीरिओ तबकड्या बाजारात सर्रास येण्यास १९५८ साल उजाडावे लागले. आता एका पेटीच्या जागी दोन हव्या झाल्या, आणि कपाटाएवढ्या दोन पेट्यांना मध्यमवर्गीय घरात जागा कोठून असणार? तेथे विल्चरची युक्ती कामास आली. त्याने पेटी हवाबंद केली आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचे काम दिले. त्यामुळे लहान पेटीतूनही मृदंगाचा घुमारा येऊ लागला. परंतु निसर्ग काहीही फुकट देत नाही. लहान पेटी, खर्जाचा स्वर आणि थोड्या शक्तीत मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. त्यांतील दोनच मागता येतात. विल्चरने पहिल्या दोन घेतल्या व तिसरी सोडली. तेव्हापासून फळीवरचा स्पीकर अॅम्प्लिफायरकडे अधिक शक्ती मागत आला आहे.

येथेच ग्राहक फसतो. तो वॉटचा आकडा पाहतो आणि डेसिबलचा पाहत नाही. एक वॉट दिला असता एक मीटरवर स्पीकर किती आवाज देतो, हा आकडा त्याच्या कागदपत्रांत असतो. तीन डेसिबल वाढवावयाचे तर शक्ती दुप्पट लागते; सहा वाढवावयाचे तर चौपट. म्हणजे ९० डेसिबलच्या स्पीकरला २५ वॉटमध्ये जे साधते त्यासाठी ८४ डेसिबलच्या स्पीकरला १०० वॉट हवेत. आणि दुबळ्या अॅम्प्लिफायरची कळ पुरी पिळली तर स्वरलहरींचे माथे कापले जातात. त्या कापलेल्या लहरींतील तीव्र स्वर वरच्या पट्टीचा नाजूक स्पीकर जाळून टाकतात. मोठा अॅम्प्लिफायर बेताने वापरणे हे लहान अॅम्प्लिफायर ताणण्यापेक्षा सुरक्षित होय.

दुसरी गोष्ट ओहमची. हवेलीचा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला होता. १२ एप्रिल १९६० च्या निवाड्यात न्यायालयाने सांगितले की, खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सामान्य माल यांच्यापुरता पोर्तुगालला मार्गाचा हक्क होता; सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रे यांना तो नव्हता. मार्ग आहे एवढ्यावरून त्यावरून काय व किती न्यावे हे ठरत नाही. ओहमचा आकडा विद्युत्प्रवाहाच्या बाबतीत हाच प्रश्न सोडवितो. आठ ओहमच्या जागी चार ओहमचा स्पीकर जोडला तर तितक्याच दाबाला दुप्पट प्रवाह वाहू पाहतो. अॅम्प्लिफायरच्या पाठीवर चार ओहमची परवानगी लिहिलेली नसेल तर तो तापतो व अखेर बंद पडतो. एकाच वाहिनीवर आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तरी चारच ओहम होतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

तिसरी गोष्ट प्रयोजनाची. ब्रिटिश नभोवाणीने १९७० नंतरच्या दशकात आपल्या फिरत्या ध्वनिमुद्रण गाड्यांसाठी ‘एलएस ३/५ ए’ हा चिमुकला स्पीकर तयार केला, तो मुख्यत्वे मनुष्याचा शब्द पारखण्यासाठी. त्याला शक्ती पुष्कळ लागते, खर्ज बेताचाच. परंतु उच्चार लख्ख. ज्या घरी कीर्तन, नाट्यपद व गीतरामायण ऐकावयाचे आहे तेथे भिंत हादरविणाऱ्या खर्जापेक्षा जोडाक्षर स्पष्ट ऐकू येणे मोलाचे. जुन्या ध्वनिमुद्रणांत जे गायक उरले आहेत ते आता एवढ्याच वाटेने आपल्या नातवंडांपर्यंत पोहोचणार आहेत. जोडी विजोड असेल तर सूर कानी पडेल, पण शब्द हरवेल.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोमंतक मुक्त झाल्याची वार्ता त्या गुप्त केंद्राच्या चालकांनी विमानाला बसविलेल्या लाउडस्पीकरवरून आकाशातून सांगितली. तेथे मोठा आवाज हे कर्तव्य होते. घरात व देवळात तसे नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. तेव्हा खरेदीस जाताना पाठ असलेले एखादे पद सोबत न्यावे, ते हलक्या आवाजात लावावे आणि प्रत्येक अक्षर ओळखू येते का ते पाहावे. या कसोटीस उतरणारी जोडी घ्यावी, मग तिच्यावरील वॉटचा आकडा शेजाऱ्याच्या संचाहून लहान असला तरी चालेल.