'कोबाल्ट ब्लू' आणि कलम ३७७

साल १९९६. फोर्ट कोचीच्या समुद्रकिनारी राहणारा तनय घरी पेइंग गेस्ट म्हणून आलेल्या तरुणाच्या प्रेमात पडतो. एप्रिल २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या 'कोबाल्ट ब्लू'ची ही कथा. मात्र तिचे मूळ केरळात नाही. सचिन कुंडलकर यांची ही मराठी कादंबरी २००६ साली मौज प्रकाशनाने प्रसिद्ध केली, आणि तिच्यातले घर मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाचे आहे.

कादंबरीतल्या त्या पाहुण्याला नावच नाही. तो तनयची बहीण अनुजा हिच्यासोबत निघून जातो आणि पुढे तिलाही सोडतो. अनुजाच्या दुःखाभोवती सारे घर गोळा होते. तनयने मात्र कोणापाशी रडावे? त्याचे प्रेम घराला ठाऊकच नसते.

हे मौन केवळ लाजेपोटी आलेले नव्हते. भारतीय दंड संहिता १८६० साली संमत झाली आणि १८६२ पासून अमलात आली. तिच्या कलम ३७७ नुसार दोन पुरुषांच्या शरीरसंबंधाला जन्मठेपेपर्यंतची शिक्षा होती. पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, आंद्रे एसिमन यांची 'कॉल मी बाय युवर नेम' आली. तीही दोन तरुणांच्या प्रेमाचीच गोष्ट, इटलीच्या समुद्रकाठावरच्या एका उन्हाळ्यातली. पण इटलीने असे संबंध १८८९ च्या दंडसंहितेतच गुन्ह्यांतून वगळले होते. एसिमन यांच्या नायकांना विरहाचे भय आहे, पोलिसांचे नाही.

कुंडलकरांच्या पुस्तकाचा प्रवास कायद्याच्या हेलकाव्यांशी विलक्षण जुळतो. मराठी आवृत्ती निघाली तेव्हा हे प्रेम गुन्हा होते. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीने होणारे संबंध गुन्ह्यातून मुक्त केले. जेरी पिंटो यांचा इंग्रजी अनुवाद २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी, ११ डिसेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी घटनापीठाने प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या संबंधांपुरती ही तरतूद एकमताने रद्दबातल केली. चित्रपट आला तेव्हा प्रेक्षक मोकळा होता. पडद्यावरचा तनय, १९९६ मधला असल्याने, अजून गुन्हेगारच होता.

त्यानंतर समुद्राची आणि शहराची गरज उरली नाही. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाळ्या यांची गोष्ट सांगणारा रोहन कानवडे यांचा मराठी चित्रपट 'साबर बोंडं' जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च परीक्षक पारितोषिक घेऊन आला.