आमची जमीन वसईला

वसईच्या खाडीत गुडघाभर रुतलो, तर कोळीमामा हसून म्हणाले, "हा चिखल तुमच्याच गावचा!" मी शहापूरचा, टोमणाच वाटला. पण घरी चिखल धुऊन वाळवला, लोहचुंबक फिरवलं, तर काळे कण चिकटले. गावच्या ओहोळातल्या वाळूचंही तेच!

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा लोहयुक्त कातळ. सह्याद्रीत तो झिजतो. शहापूरची भातसा आणि मुरबाडची काळू माती उल्हासच्या पदरात टाकतात, उल्हास खाडीच्या. आजोबा वीतभर बांधासाठी सख्ख्या भावाशी जन्मभर बोलले नाहीत. बांध तिकडे वसईला निघाला होता!

आता बरीच माती भातसा धरणात अडते. पाणी मुंबईला जातं. चुलते अजून बोलत नाहीत.