याकूतखान, सिद्दी कासीम

(सतराव्या शतकाचा उत्तरार्ध). जंजिऱ्याचा सत्ताधीश व मोगल आरमाराचा प्रमुख. १६८९–९० मध्ये मुंबई बेटावर स्वारी करून त्याने माझगावचा किल्ला घेतला. मूळ नाव कासीम. ‘याकूतखान’ हा किताब कासीमला औरंगजेबाने दिला.

उदय : सिद्दी मूळचे आफ्रिकेतील हबशी. १६७० च्या सुमारास विजापूरच्या वतीने जंजिरा सांभाळणारा सिद्दी फत्तेखान तो किल्ला शिवाजी महाराजांच्या हवाली करण्यास तयार झाला. तेव्हा संभळ, कासीम व खैर्यत या सिद्दी सरदारांनी त्याला कैद करून विजापूरऐवजी मोगलांची चाकरी पत्करली. १६७१ च्या शिमग्यात कासीमने जंजिऱ्यासमोरची दंडाराजपुरी मराठ्यांकडून परत घेतली. पुढे संभळच्या जागी आरमारही त्याच्या हाती आले.

माझगावचा आश्रय : पावसाळ्यात त्याची गलबते माझगावच्या बंदरात नांगरून पडत. मोगलांना दुखवणे परवडत नसल्याने इंग्रज हे सोशीत. त्याची किंमत कोकणच्या रयतेने मोजली. सिद्दींच्या धाडींत गावे लुटली जात, माणसे पकडून नेली जात. ही गलबते जाळण्यासाठी महाराजांनी १६७८ मध्ये पनवेलपर्यंत सैन्य धाडले, पण ते खाडी ओलांडू शकले नाही. १६७९ मध्ये मराठ्यांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला. उत्तरादाखल याकूतखानाने १६८० च्या आरंभी उंदेरी बेट बळकावले. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी जंजिऱ्याला घातलेला वेढाही त्याने निभावला.

मुंबईचा वेढा : ईस्ट इंडिया कंपनीचा मुंबईचा गव्हर्नर सर जॉन चाइल्ड याने मोगलांची जहाजे पकडल्यामुळे १६८९ मध्ये याकूतखान शिवडीला उतरला. माझगावच्या शिबंदीने तोफा व खजिना टाकून किल्ला सोडला. तेथे तळ ठोकून त्याने माहीम घेतले आणि इंग्रजांना मुंबईच्या मुख्य किल्ल्यात कोंडले. अखेर इंग्रजांनी औरंगजेबाकडे माफी मागून दीड लाख रुपये दंड भरला. जून १६९० मध्ये परतताना याकूतखानाने माझगावचा किल्ला उद्ध्वस्त केला. ज्या गावाने त्याच्या आरमाराला पावसाळ्यांमागून पावसाळे आसरा दिला, त्याच गावाला त्याने हे फळ दिले.

अवशेष : अठराव्या शतकाच्या आरंभी त्याचा मृत्यू झाला. मुरूडजवळच्या खोकरी येथे खैर्यतखानाच्या कबरीशेजारी त्याची कबर आहे. माझगावच्या किल्ल्याची जागा म्हणजे डॉकयार्ड रोड स्थानकालगतची भंडारवाडा टेकडी. तेथे जलाशय व जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. टिळकांचे सहकारी आणि माझगावचे सुपुत्र जोसेफ उर्फ काका बाप्टिस्टा यांचे नाव या उद्यानाला लाभले, हे उचितच होय. मात्र टेकडीवरून बंदर न्याहाळणाऱ्याने त्या वेढ्याचे वर्षही आठवावे. व्यापारासाठी आलेल्या कंपनीची मुंबई तेव्हा जवळजवळ गेलीच होती.